बांधलेल्या कुत्र्याचे दात

इव्हान पाव्हलॉव्ह हे नाव निघाले की लाळ गाळणारा कुत्रा डोळ्यांपुढे येतो. पण त्यांच्या प्रयोगशाळेत एक कुत्रा असा आला, की त्याची लाळ मोजणेच अशक्य होऊन बसले. स्वभावाने अगदी गरीब, माणसांत चटकन रुळणारा. प्रयोगही साधाच होता. कुत्र्याला लाकडी चौकटीत उभे करायचे, पायांभोवती सैल फासे अडकवायचे आणि दर काही मिनिटांनी थोडे खाणे द्यायचे. एक-दोन पावले इकडेतिकडे करता येतील एवढी मोकळीक त्याला होती. सुरुवातीला तो निमूट उभा राहिला, दिलेले खाल्लेही. मग मात्र बिथरला. जमीन उकरू लागला, चौकटीचे आधार कुरतडू लागला, धापा टाकू लागला आणि लाळ तर अखंड गळतच राहिली. पुढच्या प्रत्येक वेळी हाच प्रकार. आठवड्यामागून आठवडे गेले, तसा तो सुधारण्याऐवजी बिघडत गेला.

पचनसंस्थेवरच्या कामासाठी १९०४ चे नोबेल मिळवलेला हा शास्त्रज्ञ चक्रावून गेला. नाना शक्यता तपासून झाल्या, एकही लागू पडेना. शेवटी पाव्हलॉव्ह यांच्या लक्षात आले, की या कुत्र्याला दुसरे काही खुपत नाही; बांधून घेणेच त्याला सोसत नाही. मग त्यांनी त्याचे रोजचे सगळे जेवण त्या चौकटीतच द्यायला सुरुवात केली. आधी कुत्रा जेमतेम खाई, वजनही बरेच उतरले. हळूहळू घास वाढत गेले, पुढे पूर्ण जेवण तिथेच होऊ लागले आणि त्याबरोबर तो शांत होत गेला. १९२४ मध्ये रशियाच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी ही हकिगत सांगितली आहे.

उपाशी ठेवून वठणीवर आणण्याची ती पद्धत आज कोणी वापरू नये. तरीही त्या हकिगतीत एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पाव्हलॉव्ह यांनी फासे जाड केले नाहीत.

अंगणात किंवा गच्चीवर हार्नेस घालून बांधलेला कुत्रा पट्टा तोडून मोकळा झाला, की घरातली पहिली धाव दुकानाकडे असते. आणखी जाड नायलॉन, आणखी मजबूत बकल, दुहेरी शिवण. दुकानदारही खुशीने काढून दाखवतो. आठवडाभरात तोही हार्नेस कोपऱ्यात पडतो. खर्च वाढत जातो आणि कुत्रा मात्र सरावाने या कामात तरबेज होत जातो.

हार्नेस तुटतो कसा, हे एकदा जवळून पाहावे. प्रौढ कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. त्यांतले पुढचे पटाशीचे बारा दात फक्त पट्टा चिमटीत धरून तोंडात ओढण्याच्या कामाचे. पट्टा तोंडात आला की कुत्रा मान वाकडी करतो, जिभेने पट्टा गालाकडे सरकवतो, त्या बाजूचा डोळा अर्धवट मिटतो. आता पट्टा वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ यांच्या मध्ये आलेला असतो. या दोन्ही दाढांना धार असते आणि तोंड मिटताना त्या एकमेकींना घासून जातात. मांस आणि स्नायू कापण्यासाठीच निसर्गाने ती जोडी घडवली आहे. शिवाय ती जबड्याच्या बिजागरीजवळ असल्याने तिथे जोरही अधिक लागतो. नायलॉनच्या पट्टीची ताकद मोजतात ती ओढून. ओढताना भार सगळ्या धाग्यांवर वाटला जातो, म्हणून पन्नास किलोचा कुत्रा हिसके देऊनही पट्टी तुटत नाही. दाढ मात्र एका वेळी चार-सहा धागेच पकडते. पुन्हा चार-सहा. कडेची एक शिवण सुटली की पुढचे काम काही मिनिटांचे.

चामड्याची गोष्ट आणखी वेगळी. माणसाच्या लेखी ते सामान असते, कुत्र्याच्या लेखी वाळलेले कातडे. डग्लस मॉसन यांच्या अंटार्क्टिका मोहिमेत १४ डिसेंबर १९१२ रोजी बेलग्रेव्ह निनिस हा सहकारी बर्फाच्या भेगेत कोसळला. त्याच्याबरोबर चांगले कुत्रे गेले आणि बहुतेक शिधाही. परतीच्या वाटेवर उरलेल्या कुत्र्यांना झिजलेले फरचे हातमोजे, जुने बूट आणि कच्च्या कातड्याचे पट्टे खायला घालावे लागले. भुकेल्या कुत्र्याला पट्टा अन्न वाटतो, यात नवल काही नाही. सकाळपासून उपाशी आणि चामड्याच्या पट्ट्याने बांधलेल्या राखणदाराने तो पट्टा खाल्ला, तर दोष त्याच्या चारित्र्यात शोधू नये.

तुटलेल्या हार्नेसचे नुकसान पैशांत मोजता येते. गिळलेल्या धाग्याचे नाही. नायलॉनचा लांब धागा पोटात गेला आणि त्याचे एक टोक कुठे तरी अडकले, तर आतडे पुढे सरकण्याच्या प्रयत्नात धाग्यावर चुण्या घालून गोळा होते, नाडी ओढल्यावर परकर व्हावा तसे. धागा आतड्याची भिंत कापूही शकतो. म्हणून कुरतडलेल्या पट्ट्याचे तुकडे जुळवून पाहणे ही पहिली सवय हवी. तुकडा कमी भरला आणि कुत्रा उलट्या करू लागला, खाईना, पोट आखडून बसू लागला, तर थेट पशुवैद्याकडे न्यावे. तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. दुसरे टोक आत कुठे अडकले आहे, हे बाहेरून कळत नाही.

कुरतडण्याचे कारण मनात शोधण्याआधी ते कातडीत शोधावे. महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात तर हे आधी करावे. छातीवरचा जाड, अस्तर लावलेला पट्टा एकदा भिजला की दिवसभर ओला राहतो. खाली केस दमट, हवा नाही, काखेत घर्षण. दोन-तीन दिवसांत तिथे लालसर, ओलसर चट्टा उठतो. गोचिडांनाही ही आडोशाची जागा आवडते. अशा वेळी कुत्रा पट्टा तोडत नसतो, पट्ट्याखालची खाज काढत असतो. हार्नेस काढून पुढच्या पायांच्या काखा, छातीचे हाड आणि मानेचा खालचा भाग केस उलटे करून बोटांनी चाचपावा. पुरळ, खपली, गोचीड, दुखरी जागा असे काही सापडले, तर शिकवणीची गरजच नाही. उपचार करावा आणि तोवर हार्नेस खुंटीवर टांगावा.

माप हेही तितकेच साधे कारण. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटे सपाट जावीत, एवढे अंतर योग्य. त्याहून घट्ट असेल तर काचतो. सैल असेल तर अधिक वाईट, कारण मान खाली घालताच पट्टा तोंडात येतो. कधी कधी खालचा जबडाच पट्ट्यात अडकतो, कुत्रा घाबरून मागे ओढू लागतो आणि जवळ कोणी नसेल तर प्रसंग जिवावर बेततो. हार्नेस फिरायला नेण्यासाठी बनवलेला असतो, तेही माणूस दोरीच्या दुसऱ्या टोकाला आहे हे गृहीत धरून. ओढ मानेवर न येता छातीवर यावी, हा त्याचा हेतू. तासन्‌तास अंगावर ठेवण्याची ती वस्तूच नव्हे. घरी आल्यावर माणूस बूट काढतो, कुत्र्याचा हार्नेस मात्र तसाच राहतो, ही आपल्याकडची सर्रास दिसणारी चूक.

पिल्लांचे गणित निराळे. त्यांचे २८ दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि तोंडाला लागेल ते चावले जाते. यात वाईट सवय अशी काही नसते. पण पट्टा चावला की सुटका होते, हा धडा या वयात मिळाला तर तो मोठेपणीही विसरला जात नाही. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरे आणि कुत्रे कोडे-पेटीत ठेवून हेच दाखवले होते. ज्या हालचालीने दार उघडते, ती हालचाल प्राणी पुढच्या वेळी लवकर करतो. तुटलेला प्रत्येक हार्नेस हे कुत्र्यासाठी उघडलेले दार असते. म्हणून नवे काही शिकवायचे असेल तोवर तुटू शकेल अशा पट्ट्यात कुत्र्याला एकटे सोडायचे नाही. हा नियम पाळला नाही तर बाकीचे उपाय वाया जातात.

कातडी ठीक, माप ठीक, वयही दोन-तीन वर्षांचे, तरीही हार्नेस तुटतो आहे. मग प्रश्न उरतो: कंटाळा की धास्ती? बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, उपाय मात्र अगदी वेगळे.

यासाठी खिडकीत मोबाइल ठेवून चित्रण करण्याइतके सोपे साधन दुसरे नाही. जाताना कुत्र्यासमोर त्याच्या फार आवडीचे काही ठेवावे. कंटाळणारा कुत्रा आधी ते फस्त करतो, मग अंगणावर नजर टाकतो, कावळ्यावर भुंकतो, लोळतो आणि बऱ्याच वेळाने, दुसरे काही उरले नाही म्हणून, सावकाश पट्टा चघळू लागतो. धास्तावलेला कुत्रा खाण्याकडे बघतही नाही. माणूस फाटकाबाहेर पडताच तो त्या दिशेने दोरी ताणतो, येरझाऱ्या घालतो, केकाटतो, धापा टाकतो, आणि पहिल्या अर्ध्या तासातच दात वापरतो. माणूस परत आला की तेच खाणे अधाशासारखे खातो. पाव्हलॉव्ह यांचा कुत्राही, सगळे जेवण चौकटीतच मिळू लागले तेव्हा, आधी पोटभर खात नव्हता, हे इथे आठवावे.

धास्तावलेल्या कुत्र्याला जाड पट्टा देणे म्हणजे त्याचे दात मोडण्याची सोय करणे. त्याला एकटेपणाची सवय मिनिटामिनिटाने लावावी लागते. फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. कुत्रा अस्वस्थ होण्याआधी यायचे. मग फाटकाबाहेर क्षणभर. मग कोपऱ्यापर्यंत. वेळ रोज थोडा थोडा वाढवत न्यायचा, मध्येच कमीही करायचा. ज्या दिवसांत हे चालू आहे त्या दिवसांत त्याला पूर्ण एकटे ठेवायचे नाही; शेजारी, नातेवाईक, कोणी तरी सोबतीला हवे. एवढे करूनही भागले नाही तर पशुवैद्य औषधे देतात. क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिन ही माणसांच्या नैराश्यात वापरली जाणारी औषधे कुत्र्यांच्या विरह-अस्वस्थतेसाठीही मान्यता मिळालेली आहेत. ती घरातल्या कोणाच्या तरी पाकिटातून काढून द्यायची नसतात, हे सांगायला हवे, कारण तसे करणारे लोक आहेत. दिवाळीतल्या फटाक्यांनी बिथरून पट्टा तोडणारा कुत्राही याच गटातला. त्याला त्या दिवसांत बाहेर बांधूच नये.

कंटाळ्याच्या उपायाकडे वळण्याआधी आणखी एक कारण पाहावे. कुत्र्यांच्या पट्ट्यांचा सर्वांत मोठा अनुभव अलास्का आणि कॅनडातल्या घसरगाडी चालवणाऱ्यांकडे आहे. १९७३ पासून जवळजवळ दर वर्षी सुमारे हजार मैलांची इडिटरॉड शर्यत नोम गावापर्यंत धावते. शर्यत सुरू होण्याआधीची काही मिनिटे पाहिली तर कुरतडण्याचे तिसरेच कारण दिसते. हार्नेस चढवलेले कुत्रे जागच्या जागी उड्या मारत असतात, ओरडत असतात, पुढची दोरी दातांत धरून झटकत असतात. त्यांना धावायचे असते आणि माणूस थांबवून ठेवतो. गाडी सुटली की तोच कुत्रा दोरीला तोंड लावत नाही. या लोकांनी यावर जे तोडगे काढले आहेत, ते अंगणातल्या कुत्र्यालाही लागू पडावेत असे आहेत. कुत्र्यांना जोडणाऱ्या मुख्य दोरीत पोलादी तार भरलेली मिळते, म्हणजे दाताने ती तुटत नाही. हार्नेसमध्ये तार भरत नाहीत, कारण ती अंगाला काचेल. हार्नेस वाचवण्याचा त्यांचा मार्ग वेगळा आहे: तो अगदी शेवटी चढवायचा आणि कुरतडणाऱ्या कुत्र्याचा तर थांबताच उतरवायचा. सोबत जादा हार्नेसही ठेवायचे, कारण अनुभवी माणसालाही एखादा कुत्रा चकवतोच.

कुत्रा बाहेर थोडा वेळ बांधणे टाळता येतच नसेल, तर याच धर्तीवर करावे. हार्नेस काढावा. साधा, सपाट, मापाचा गळपट्टा ठेवावा. ओढल्यावर आवळणारी साखळी मुळीच नको. गळपट्ट्याला प्लास्टिकचे आवरण असलेली पोलादी तार जोडावी आणि दोन्ही टोकांना गरगर फिरणारी कडी असावी, म्हणजे पीळ पडत नाही. दोरी किती लांब, यापेक्षा ती कशात गुंतू शकते हे महत्त्वाचे. कुंपण, कट्टा, पायरी, झाडाचा बुंधा यांपैकी काही टप्प्यात असेल तर जागा बदलावी. कुंपणावरून उडी मारून पलीकडे लटकलेला कुत्रा गळपट्ट्याने गुदमरतो. पाणी टप्प्यात, सावली दुपारनंतरही टिकणारी आणि घरात माणूस जागा, एवढ्या अटी पूर्ण होत असतील तरच बांधावे. फाटकाला नीट कडी आणि भिंतीला पुरेशी उंची असेल तर अंगणात मोकळे सोडणे केव्हाही बरे.

मोकळे की बांधलेले, या वादात एक अभ्यास दोन्ही बाजूंची पंचाईत करतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अलास्कन घसरगाडीच्या तीस कुत्र्यांना काही काळ दोरीवर आणि काही काळ जाळीच्या बंदिस्त खोपीत ठेवून त्यांचे वागणे तपासले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोरी खोपीपेक्षा वाईट असल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे दोरी निर्दोष, असे नव्हे. तीन फूट बाय पाच फूट पिंजऱ्यात ठेवून ‘आम्ही कुत्र्याला बांधत नाही’ म्हणणाऱ्यांनी फार खुश होऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

लोखंडी साखळी हा आपल्याकडचा जुना उपाय. ती तुटत नाही, हे खरे. पण कुत्रा ती चावायचे थांबत नाही आणि मग झीज दातांची होते. पिंजऱ्याचे गज किंवा साखळी चावणाऱ्या कुत्र्यांच्या सुळ्यांची मागची बाजू खोबणीसारखी झिजते. असा सुळा पुढे एखाद्या दिवशी अर्ध्यातून मोडतो, आतली नस उघडी पडते आणि पू होतो. पशुवैद्य सुळे पाहूनच ओळखतात, की कुत्रा साखळीवर असतो. जड साखळीने मानेचे केस जातात, ते वेगळेच.

कडू फवाऱ्यांचेही असेच. डेनाटोनियम बेंझोएट हे रसायन १९५८ मध्ये एडिंबरोतल्या एका औषध कंपनीत भूल देणाऱ्या द्रव्यांवर काम चालू असताना हाती लागले. ज्ञात पदार्थांत सर्वांत कडू म्हणून ते ओळखले जाते. माणसाच्या जिभेला ते असह्य होते. कुत्र्याच्या जिभेवर स्वादकलिका पुष्कळ कमी असतात आणि काही कुत्रे तर कडू पट्टाही शांतपणे चघळून संपवतात. काही मात्र पहिल्याच चवीला तोंड वाकडे करून बाजूला होतात. सवय नुकती लागत असेल तर हा उपाय करून बघायला हरकत नाही. कडुनिंबाचा पाला वाटून लावण्याचा घरगुती प्रकारही याच जातीचा. लाल तिखट मात्र लावू नये. पट्ट्यावरचे तिखट पंज्याला लागते, पंजा डोळ्याला. त्या आगीने सैरभैर झालेला कुत्रा पट्टा आणखी जोरात ओढतो. तोंडाला मुसके बांधून निघून जाणे तर निव्वळ क्रूरपणा. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. तोंड बांधले की उन्हाळ्यात तो तापून मरू शकतो.

कंटाळलेल्या कुत्र्याच्या दातांना काम हवे असते, हे मान्य करून निघालेला मार्गच टिकतो. अमेरिकेत कोलोराडो राज्यात जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थाकडे पोलिसांतून निवृत्त झालेला फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता. तो दगड चावून दात झिजवत असे. मार्कहॅम फोक्सवॅगन व्हॅनची दुरुस्ती करत असताना सुटे भाग त्याच्यापुढे टाकत गेले. इतर कशाकडेही न वळलेला फ्रिट्झ चाकांच्या सस्पेन्शनमधल्या एका रबरी तुकड्यावर तुटून पडला आणि दगड विसरला. त्या तुकड्याच्या आकारावरून १९७० च्या दशकात काँग हे पोकळ रबरी खेळणे बाजारात आले. आज ते आणि त्याच्या असंख्य नकला भारतातल्या दुकानांत मिळतात.

पोकळ रबरात काय भरायचे, हा प्रश्न मराठी घरात कठीण नाही. बिनमिठाचा दहीभात, उकडलेले रताळे, शिजवलेल्या चिकनचे बिनहाडाचे तुकडे. घट्ट दाबून भरावे आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावे. सकाळी दिले की चाटून, कुरतडून, आपटून ते संपवायला कुत्र्याला बराच वेळ लागतो. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट यांतले काहीही त्यात नको. हे चारही कुत्र्याला विषारी. शिजवलेली हाडेही नकोत, त्यांच्या अणकुचीदार चिपा होतात. हिमालयातली याकच्या दुधाची छुरपी हल्ली शहरांत लोकप्रिय आहे, पण फार टणक छुरपीने दाढ तडकते. चघळण्याच्या वस्तूवर नख दाबून पाहावे. खूण उमटली तर वस्तू चालेल. न उमटली तर ती कुत्र्याच्या दाताहून कठीण समजावी.

ही शिदोरी फक्त बाहेर बसण्याच्या वेळीच द्यायची आणि आधी दमवून मग द्यायची. अर्धा तास चालवून आणलेला, वाटेत पोटभर हुंगू दिलेला कुत्रा अंगणात पडून राहायला तयार असतो. थेट घरातून ओढत आणून बांधलेला नसतो. सुरुवातीचे काही दिवस माणसाने जवळच पेपर वाचत बसावे. कुत्र्याने पट्ट्याकडे मान वळवली की ओरडू नये. ओरडणे हेही त्याच्यासाठी लक्ष मिळणे असते. शांतपणे खेळणे पुढे सरकवावे आणि ते तोंडात घेतले की शाबासकी द्यावी. परत आल्यावर तुटलेला पट्टा नाकापुढे नाचवून मारणे सर्वांत निरुपयोगी. कुत्रा त्या माराचा संबंध तासापूर्वीच्या चावण्याशी जोडत नाही, माणसाच्या परतण्याशी जोडतो. मग त्याची धास्ती वाढते आणि पुढचा हार्नेस अधिक लवकर तुटतो.

काही कुत्रे आपोआप कुरतडायचे सोडतात. घरचे म्हणतात, सुधारला. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कुत्र्यांना झोळीवजा हार्नेसमध्ये अडकवून विजेचे झटके दिले. कुत्र्याने काहीही केले तरी झटके थांबत नसत. नंतर त्याच कुत्र्यांना अशा पेटीत ठेवले, जिथे मधला बुटका आडोसा ओलांडला की झटक्यातून सुटका होती. बहुतेकांनी उडी मारलीच नाही. ते पडून झटके सोसत राहिले. प्रयोग निर्दय होता, त्याने जे दाखवले तेही तितकेच अस्वस्थ करणारे आहे. दिवसभर साखळीवर निपचित पडलेला, कोणी आले तरी मान न उचलणारा कुत्रा सुधारलेला नसतो. हार्नेस तोडणाऱ्या कुत्र्याने निदान प्रयत्न सोडलेला नसतो.

रात्रीचा प्रश्न मात्र शिकवणीचा नाहीच. पश्चिम महाराष्ट्रात बिबट्या उसात राहतो आणि अंगणापर्यंत येतो. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात बिबट्याची विष्ठा तपासून त्याचा आहार मोजला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार बिबट्याच्या आहारातला वजनाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे घालतात, पण त्यांचे कुत्रे मोकळे असतात. जुन्नर, अकोले, संगमनेर या पट्ट्यात तुटणाऱ्या हार्नेसवर एकच उपाय आहे: अंधार पडण्याआधी कुत्रा दाराच्या आत घ्यावा.

कायद्यानेही यात लक्ष घातले आहे. कॅलिफोर्नियात, जिथे मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे, कुत्र्याला एका जागी बांधून ठेवायचे तर चोवीस तासांत जास्तीत जास्त तीन तास, अशी मर्यादा आहे. भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. कुत्र्याचा तर तिथे वेगळा उल्लेख आहे: नेहमी साखळीवर किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर मालक दोषी ठरतो. पहिल्या गुन्ह्याला या कायद्यात लिहिलेला दंड १० ते ५० रुपये आहे. तेवढ्यात हार्नेसचे बकलही येत नाही.